नोमोनहानचे ट्रक आणि शेणोलीची गाडी

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, '१९४१ मध्ये जपान उत्तरेला वळला असता तर?' म्हणजे दक्षिणेऐवजी रशियावर गेला असता तर. उत्तर देणारच आहे, पण आधी एक तक्रार. 'असं झालं असतं तर'चा खेळ मांडणारे नकाशावर बाण काढतात. बाणाला ना चारा लागतो, ना पाणी, ना पेट्रोल. माझं म्हणणं एवढंच, की बदलायचाच तर माणसाच्या हातातला निर्णय बदला : एखादा हुकूम, एखादी सही. अंतर, ऋतू आणि रुळांची रुंदी यांना हात लावायचा नाही.

रुळांची रुंदी म्हणजे काय, हे मिरजकरांना मी काय सांगावं? पुणे-मिरज मीटरगेज होती, १००० मिलिमीटर. पंढरपूरकडे जाणारी बारशी लाईट ७६२. पुण्याच्या पुढे मुंबईला ब्रॉडगेज, १६७६. म्हणजे इथलं हळदीचं पोतं मुंबईला निघालं की पुण्यात एका वॅगनमधून उतरायचं आणि हमालाच्या पाठीवरून दुसरीत चढायचं. पुढे रुंदीकरण झालं तेव्हा नुसता रूळ सरकवून भागलं नाही. मीटरगेजचा स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी पट्टी, सहा फुटी, ब्रॉडगेजला नऊ फुटी लागतो. सगळा रस्ताच नवा.

१९४१ मध्ये रशियात शिरलेल्या जर्मनांचं काम उलटं, म्हणून वरवर सोपं. रशियन गेज १५२४, जर्मन १४३५, फरक ८९ मिलिमीटर, जेमतेम चार बोटं. स्लीपर तोच ठेवायचा, एका रुळाचे खिळे उपसायचे, रूळ आत घ्यायचा, पुन्हा खिळे ठोकायचे. यावरून पुष्कळ जण म्हणतात, मग गेजचा एवढा बाऊ कशाला? पण यार्डातले सांधे असे सरकत नाहीत, ते नव्याने बसवावे लागतात. शिवाय रशियन इंजिनांचे टेंडर, म्हणजे मागचे कोळसा-पाण्याचे डबे, मोठे, म्हणून पाण्याच्या टाक्या लांब लांब. जर्मन इंजिनाला मधेच तहान लागायची. त्याचे पाण्याचे पाइप बाहेरच्या अंगाने गेलेले, ते हिवाळ्यात गोठून फुटले. माघार घेताना रशियनांनी शक्य तेवढी इंजिनं आणि डबे मागे नेले. आणि रेल्वे संपल्यावर पुढचं ओझं कुणी वाहिलं? रशियात शिरलेल्या या 'यांत्रिक' फौजेबरोबर सहा लाख घोडे होते! मॉस्को का पडलं नाही हे विचारताना आधी हे विचारा.

आता नोमोनहानची लढाई. इथे जरा रेंगाळतो, कारण माझ्या मते आजच्या विषयाचा खिळा इथे ठोकलाय. १९३९ सालचा उन्हाळा. मंगोलिया आणि मांचुकुओ (जपानच्या ताब्यातला मांचुरिया) यांच्या सीमेवर खालखिन गोल नदीकाठी जपान आणि रशिया भिडले. रशियनांचं सर्वांत जवळचं कामाचं रेल्वे स्टेशन साडेसहाशे किलोमीटरवर. सांगलीहून बंगळूर गाठावं तेवढं, आणि सडक म्हणावी अशी सडक नाही. जपान्यांचं हायलार स्टेशन त्या मानाने जवळ. इतक्या लांब रशिया मोठी फौज पोसू शकेल, हे जपानी गणितात बसतच नव्हतं.

रशियन सेनापती झुकॉव्हने ते बसवलं. हजारो ट्रक लावले. जाऊन-येऊन एका खेपेला पाच दिवस. त्याने आठवणींत आकडे दिलेत. तोफगोळे १८,००० टन. विमानांचा दारूगोळा ६,५०० टन. इंधन आणि वंगण १५,००० टन. अन्नधान्य ४,००० टन. आणि जळण ७,५०० टन! जळण कशाला? तर त्या गवताळ माळावर झाड नाही. भात शिजवायचा तरी सरपण सहाशे किलोमीटरवरून आणायचं. धान्याच्या दुपटीच्या आसपास जळण लागलं, हे ज्याला आधी कळतं तो सेनापती. २० ऑगस्टला हल्ला झाला आणि महिना संपेपर्यंत जपानी डिव्हिजनला वेढा पडून ती मोडली. त्याच आठवड्यात, २३ ऑगस्टला, जपानच्या मित्राने, म्हणजे हिटलरने, रशियाशी करार केला. टोकियोचं सरकार कोसळलं.

याच्या पुढे मात्सुओकाचा किस्सा आहे, तो थोडक्यात. १३ एप्रिल १९४१ ला जपानच्या या परराष्ट्रमंत्र्याने मॉस्कोत तटस्थतेच्या करारावर सही केली. त्याला निरोप द्यायला स्टालिन स्वतः स्टेशनवर आला. दोन महिन्यांत हिटलर रशियावर चालून गेला आणि हाच मात्सुओका म्हणू लागला, आता आपणही रशियावर जाऊ. जुलैत त्याला वगळून नवं मंत्रिमंडळ झालं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुख्य मुद्दा.

जपानने जुलैत मांचुरियातली फौज सात लाखांवर नेली होती. अट एकच : रशियाने पूर्वेकडचं सैन्य पुरेसं काढून नेलं, तर झडप घालायची. पर्सिमनचं फळ पिकून गळायची वाट पाहायची. ते पिकलं नाही. हिवाळ्याच्या आत काम उरकायचं तर निर्णय ऑगस्टमध्ये हवा होता. ९ ऑगस्टला बेत सोडला. त्याआधीच अमेरिकेने तेल तोडलं होतं, आणि उत्तरेला सखालिनचं थोडं तेल सोडलं तर काही नव्हतं. तेल होतं दक्षिणेला, जावा-सुमात्रात.

तरीही तो एक हुकूम बदला. अमूरकाठची सायबेरियन रेल्वे सीमेला लागून जाते, ती तुटली असती. व्लादिव्होस्टॉककडून पुढे रशियाला जी मदत गेली, अमेरिकी मदतीच्या वजनाच्या जवळजवळ निम्मी, ती बंद झाली असती. मॉस्को तरी पडलं नसतं, असं मी मानतो. त्याची कारणं त्या चार बोटांत आहेत. पण जपान उत्तरेत गुंतला, म्हणजे त्या डिसेंबरात पर्ल हार्बर नाही, फेब्रुवारीत सिंगापूर नाही. तिथे कैद झालेले चाळीस हजारांवर हिंदी सैनिक नाहीत, म्हणजे आझाद हिंद सेनेला माणसं नाहीत. रंगून पडत नाही, ब्रह्मदेशाचा तांदूळ येत राहतो. जपान दाराशी नाही, तर मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश मंत्री क्रिप्सला बोलणी करायला इकडे घाईने यायचं कारण नाही. मग त्याचं फिसकटणं नाही, आणि 'चले जाव' त्या ऑगस्टात नाही.

आणि ते नाही, तर त्या चळवळीतून उभं राहिलेलं आपल्याकडचं समांतर सरकार, पत्रीसरकार? ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ त्याच्या माणसांनी पगाराची गाडी अडवली ती याच पुणे-मिरज मीटरगेजवर. मात्सुओकाचं म्हणणं मान्य झालं असतं तर त्या दिवशी ती गाडी शेणोलीवरून पगारासकट पुढे गेली असती, असं मला वाटतं. पत्रीसरकारची ही कुंडलची माणसं स्वस्थ बसली असती असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांनी दुसरी तारीख काढली असती.