दावणीवरचा मिथेन

कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि धार थेट गिऱ्हाइकाच्या पेल्यात पडते. तालमींच्या या शहरानं धारोष्ण दुधाची आवड पिढ्यान्‌पिढ्या जपली. १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं ‘गोकुळ’, उभं राहिलं आणि दोन म्हशींच्या जिवावर घर चालवणं खेड्यातल्या बाईला शक्य झालं.

आता रवंथ करणाऱ्या या म्हशीकडे जरा निवांत बघा. तिच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, अब्जावधी सूक्ष्मजीव वैरण आंबवतात. माणसाला न पचणारं पिंजर, कडबा, उसाचं वाढं (शेंड्याचा पाला) तिला पचतं ते त्यांच्याच जोरावर. आंबताना हायड्रोजन सुटतो, काही सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात आणि म्हैस तो बहुतेक सगळा ढेकरेवाटे बाहेर टाकते. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापमानवाढ करतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार, माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा साधारण १२ टक्के आहे. आणि आपल्या देशात २०१९ च्या पशुगणनेत १९ कोटींवर गाई-बैल नि जवळपास ११ कोटी म्हशी होत्या.

म्हणून दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला दोषी धरायचं? मला ते अजिबात मान्य नाही. २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याच्या २०२१ च्या ग्लासगोतल्या जागतिक करारात भारत सामील झाला नाही, त्यामागे असल्याच छोट्या गोठ्यांची काळजी होती.

पण वैरणीतल्या ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा मिथेन होऊन उडून जाते. डोक्यावरून भारा वाहून आणलेली वैरण आहे ती! तिचं दूध व्हायला हवं होतं. भाकड म्हैस खाते, ढेकर देते, दूध मात्र देत नाही. उशिरा गाभण राहणारी रेडीही तशीच. त्यामुळे आपल्याकडे लिटरमागचा मिथेन वाढतो. ऊसतोड सुरू झाली की गव्हाणीत नुसतं वाढं पडतं. त्यात प्रथिनं कमी, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. त्याच्या जोडीला लसूणघास किंवा चवळी, कुट्टी केलेली वैरण आणि खनिज मिश्रण दिलं, तर त्याच म्हशीचं दूध वाढतं आणि लिटरमागचा वायू घटतो. शेण गोबरगॅसला घातलं तर त्यातून निघणारा मिथेन चुलीवर जळतो, स्लरी उसाला जाते. टाकी गळकी नको, एवढं मात्र बघायला हवं.

गावच्या डेअरीत रोज दुधाचं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, मोजतात. म्हैस किती महिने भाकड राहिली, दोन वेतांत किती अंतर पडलं, याची नोंदही तिथंच ठेवता येईल. संस्था गावात आहेच, आणि किटली घेऊन बाई तिथं सकाळ-संध्याकाळ येतेच.