साताऱ्यातून साउथ ब्लॉककडे

[कराड, प्रीतिसंगम. सकाळ]
डावीकडून कृष्णा, उजवीकडून कोयना. दोन्ही नद्या इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि एकत्र वळतात. यशवंतराव चव्हाण राजकारण शिकले ते याच मुलखात.

ऑगस्ट 1942. देशाचे सगळे मोठे पुढारी तुरुंगात. वरून आदेश यायची सोयच उरली नव्हती. सातारा जिल्ह्यात भूमिगत कार्यकर्ते रात्री कुणाच्या तरी वस्तीवर जमत, माहितगार माणसाचं ऐकून घेत आणि तिथल्या तिथे ठरवत. कराड, पाटण, तासगाव, इस्लामपूर, वडूज... कचेऱ्यांवर मोर्चे निघाले ते असे. त्या बैठकांत यशवंतराव होते. वय अवघं 29.

[यशवंतरावांचं कराडचं घर ‘विरंगुळा’, बैठकीची खोली]
पुढे मुख्यमंत्री झाल्यावरही रीत तीच राहिली. आधी सगळ्यांचं ऐकायचं, विरोधकाचंसुद्धा. मग निर्णय घ्यायचा आणि त्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घ्यायची. बेरजेचं राजकारण म्हणतात ते हेच.

[वृत्तपत्रांची कात्रणं, नोव्हेंबर 1962]
चीनकडून झालेल्या पराभवानंतर पंडित नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं महाराष्ट्र आजही अभिमानाने सांगतो. संरक्षण खात्यात मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यातला विश्वास पार आटला होता. यशवंतरावांनी तिन्ही दलांच्या प्रमुखांसोबत रोज सकाळची बैठक सुरू केली. आमच्या मते 1965च्या पाकिस्तान युद्धाची खरी तयारी या बैठकांत झाली. तोफा, विमानं हवीतच. पण सेनापतीला मंत्र्यासमोर मोकळं बोलता आलं पाहिजे.

[साउथ ब्लॉक, तेव्हाच्या संरक्षण मंत्रालयाची दिल्लीतली इमारत. जुनं चित्रण: विमानांचं उड्डाण]
1 सप्टेंबर 1965. जम्मूजवळच्या छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले. दुपार कलताना लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यशवंतरावांसमोर बसले. हवाई दल उतरवायचं का? उतरवलं की लढाई वाढणार, हे तिघांनाही कळत होतं. यशवंतरावांनी ऐकून घेतलं, मोजके प्रश्न विचारले आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीसाठी न थांबता काही मिनिटांत होकार दिला. दिवस मावळायच्या आत पठाणकोटहून विमानं झेपावली.

त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली. 6 तारखेला सेनेने लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली, 23 तारखेला युद्धविराम झाला. जानेवारीत ताश्कंद करारानुसार जिंकलेली काश्मीरमधली हाजी पीर खिंड परत द्यावी लागली; ताश्कंदला गेलेल्या शिष्टमंडळात यशवंतरावही होते.