सुटीत घरी बायबल: आधी रूथ, मग मार्क

श्रोतेहो, नमस्कार.

परीक्षा संपल्या आहेत आणि भर दुपारी मुलांना बाहेर सोडण्याची सोय नाही. ख्रिस्ती घरांत या दिवसांत एक बेत हमखास ठरतो: या सुटीत सगळ्यांनी मिळून बायबल वाचायचं. उत्साहाने उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात होते. दुसऱ्या, निर्गमात लाल समुद्र दुभंगेपर्यंत मुलं कान देऊन ऐकतात. पुढे निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या फळ्या, कड्या आणि पडद्यांची मापं सुरू झाली की जांभया येतात, आणि तिसरं पुस्तक, लेवीय, उघडायच्या आत बायबल पुन्हा कपाटात जातं. यात मुलांचा दोष नाही, बेतच चुकलेला असतो. 66 पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये तर 73, ही एका उन्हाळ्यात मुलांसोबत संपवायची गोष्ट नव्हेच. एक लहान पुस्तक घ्या आणि एक शुभवर्तमान, म्हणजे येशूची जीवनकथा. पण दोन्ही अथपासून इतिपर्यंत वाचा. मधलीच गोड वचनं वेचू नका.

लहान पुस्तक म्हणून रूथ घ्या. अध्याय 4, वचनं 85. मोठ्याने वाचलं तर वीसेक मिनिटांत होतं. पहिल्या दिवशी एखाद्या मोठ्या माणसाने ते सलग वाचून दाखवावं आणि नंतरचे चार दिवस रोज एक अध्याय मुलांनी वाचावा. पहिल्याच अध्यायात अलीमलेख, महलोन, खिल्योन अशी नावं येतात. इंग्रजी माध्यमाची मुलं तिथे अडखळतात, भावंडं खिदळतात, आणि हसू झालेलं मूल पुन्हा वाचायला पुढे येत नाही. म्हणून नावं आधी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि सगळ्यांकडून दोनदा म्हणून घ्या.

दुसऱ्या अध्यायावर मात्र रेंगाळा. रूथ तिच्या सासरच्या नात्यातल्या बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसं, वेचते. सरवा म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना ठाऊक नसतं. गावाकडच्या आजीला विचारू द्या. मग थोरल्या मुलाला लेवीय 19 मधलं 9वं आणि 10वं वचन काढायला सांगा. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, खाली पडलेलं उचलायचं नाही, ते गरिबाचं आणि परक्याचं, असा नियम तिथे आहे. रूथ मवाबी, म्हणजे परकी, आणि विधवा. तिचा हक्क या नियमातून येतो, हे मुलांना तिथल्या तिथे कळतं.

आता पाव किलो ज्वारी चादरीवर पसरा आणि मुलांना दोन मिनिटं वेचू द्या. रूथ कणसं वेचत होती आणि संध्याकाळी ती झोडपून दाणे काढले. आपल्याकडे मे महिन्यात कणसं कुठली, म्हणून दाणेच. वेचलेले दाणे वाटीने मोजा. मग 17वं वचन वाचा: दिवसभराचा सरवा झोडल्यावर एफाभर जव निघाले. एफा म्हणजे साधारण 22 लिटरचं माप. पाण्याच्या लिटरच्या 22 बाटल्या डोळ्यांपुढे आणा. वजनात तेरा किलोंच्या आसपास. नुसत्या सरव्यातून एवढं कसं निघालं, असं कुणीतरी विचारेलच. उत्तर सांगू नका. ते 15व्या आणि 16व्या वचनात आहे, आणि बवाजाने गड्यांना दिलेली ती सूचना मुलांनी स्वतः शोधली पाहिजे.

तिसरा अध्याय, खळ्यावरची रात्र, बरेच पालक गुपचूप गाळतात. गाळू नका. निराधार विधवेला आधार देण्याची जबाबदारी जवळच्या नातलगावर असे आणि रूथ बवाजाला त्याच नात्याची आठवण करून देते, एवढं सांगितलं की पुरतं. चौथ्यात वेशीवर व्यवहार पक्का करताना एक जण पायातली वहाण काढून दुसऱ्याला देतो. हा प्रसंग मुलांना करून बघायचाच असतो, करू द्या.

पुढचे चार आठवडे शुभवर्तमान, मार्काचं. 16 अध्याय, आठवड्याला पाच बैठका, म्हणजे वीस. 6, 9, 10 आणि 14 हे लांब अध्याय दोन-दोन बैठकांत वाटले की हिशेब नेमका बसतो. शनिवार राहिलेल्या वाचनासाठी मोकळा ठेवा. रविवारी उपासना आहेच.

मार्कासाठी फरशीवर खडूने गालीलचा समुद्र काढा. नाव समुद्राचं असलं तरी ते गोड्या पाण्याचं सरोवर आहे: उत्तर-दक्षिण सुमारे 21 किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त 13. किलोमीटरला 5 सेंटिमीटर धरले तर 105 बाय 65 सेंटिमीटर. वरून यार्देन आत येते, खालून बाहेर पडते. उत्तरेच्या काठावर कफर्णहूम, त्याच्या पूर्वेला बेथसैदा, वायव्येच्या काठावर गनेसरेत. कागदाची होडी करा आणि ती सरकवण्याचं काम सर्वांत धाकट्याकडे द्या. अजून वाचता न येणारं मूल त्यामुळे बैठकीत टिकून राहतं.

सरोवराचं पाणी समुद्रसपाटीहून सुमारे 210 मीटर खाली आहे आणि भोवती डोंगर आहेत. वरचा थंड वारा उतारावरून खालच्या उबदार हवेत घुसतो, म्हणून तिथे वादळ अचानक उठतं. चौथ्या अध्यायाच्या शेवटी शिष्य का घाबरतात, ते मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सहाव्या अध्यायात होडीवर नीट लक्ष ठेवा. 45व्या वचनात ती बेथसैदाकडे निघते आणि 53व्यात गनेसरेतला लागते. होडी सरकवणारं पोर इथे नक्की ओरडतं, ‘चुकलं!’ त्याला 48वं वचन वाचून दाखवा. वारा उलटा होता. अकराव्या अध्यायापासून यरुशलेम येतं आणि सरोवर पुसायची वेळ होते. उरलेले सहाही अध्याय येशूच्या शेवटच्या आठवड्याभोवतीचे आहेत, तिथे घाई करू नका.

एका प्रश्नाची तयारी ठेवा. काही नव्या भाषांतरांत मार्क 7 मध्ये 15नंतर एकदम 17 येतं. 16वं वचन तळटीपेत असतं किंवा कंसात. मुलांच्या नजरेतून हे सुटत नाही. ‘छापायला चुकले असतील’ असं म्हणून उडवून लावू नका. वचनांचे हे आकडे 1551 मध्ये छापलेल्या नव्या कराराच्या एका आवृत्तीतून आले. तेव्हा हाताशी असलेल्या मजकुरात ते वाक्य होतं. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते नाही. आकडे मात्र तसेच राहिले. सोळाव्या अध्यायाच्या 9व्या वचनापासून पुढच्या भागालाही अशीच टीप दिसेल. दहा वर्षांच्या मुलाला हे व्यवस्थित कळतं.

बैठक वीस-पंचवीस मिनिटांची, वेळ नाश्त्यानंतरची किंवा दिवेलागणीची. रात्री जेवणं उरकून दहाला बसलात तर निम्मी मुलं पेंगणार. मे महिना लग्नसराईचा, खाडे होणारच. खाडा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन अध्याय कोंबू नका. खोडी केली म्हणून वचनं पाठ करायची शिक्षा तर मुळीच नको. आणि वडीलधाऱ्यांनो, प्रवचन आवरा. वाचन दहा मिनिटं आणि बोध वीस, असं झालं की तिसऱ्या दिवसापासून मुलांना अचानक तहान लागते, शू लागते.

शाळा सुरू झाल्यावर रोजची बैठक जमणार नाही. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून योना घ्या: 4 अध्याय, दर रविवारी एक, उपासनेहून घरी आल्यावर, जेवणाची पानं वाढायच्या आधी.