वाढत्या अंगाचं शिवा

(गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘आधुनिक समाज आणि लठ्ठपणा’. हॉलमध्ये शिरताना दोघीजणी आपापसांत म्हणत होत्या, ‘आज आपल्याला ओरडा खावा लागणार.’ नाही लागणार. ओरडण्याचं काम मी वीस वर्षं केलं. ‘तोंडावर ताबा ठेवा, चालायला जा’ एवढं सांगून पेशंटला बाहेर काढायचे. ती माणसं सहा महिन्यांनी दोन किलो वाढवून परत यायची, किंवा लाजून यायचीच नाहीत. दोष त्यांचा, असं मला वाटायचं.

हे डोक्यातून निघालं ते एका शिंप्यामुळे. माझ्या दवाखान्याच्या खाली त्यांचं दुकान आहे, शाळेचे गणवेश शिवतात. एकदा मे महिन्यात वीज गेली, इन्व्हर्टरही बसला, म्हणून मी खाली जाऊन बसले. ते एका खाकी पँटची शिवण उसवत होते. म्हणाले, ‘डॉक्टरबाई, पूर्वी आया पोराला घेऊन यायच्या आणि सांगायच्या, वाढत्या अंगाचं शिवा. म्हणजे पायाशी चार बोटं घडी आत घालायची. पोर उंच झालं की ती सोडायची. कमरेला दोन बोटं माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, ठेवली तरी ती बहुतेक तशीच राहायची. आता दिवाळीनंतर पँटी परत येतात. पायाची घडी जशीच्या तशी, आणि सांगतात, कंबर सोडा.’ मग त्यांनी कमरेच्या मागची शिवण उघडून दाखवली. माया पूर्वीच्या दुप्पट. ‘आणि एवढं करूनही पुरेना, म्हणून हे,’ असं म्हणून त्यांनी इलॅस्टिकचं बंडल समोर ठेवलं.

त्या इलॅस्टिकवर मी बराच विचार केला. नाडी, हूक, पट्ट्याचं भोक ही सगळी न बोलता इशारा देणारी माणसं होती. आता मुलांच्या पँटला इलॅस्टिक, आम्हा बायकांना घरात गाऊन आणि बाहेर लेगिंग. पाच किलो कधी चढले ते कपडा सांगतच नाही. एखाद्या लग्नात जुना ब्लाऊज काढायचा आणि रडायचं. माझ्या ब्लाऊजाबद्दल विचारू नका.

शिंप्याच्या मापांतून शास्त्र निघतं म्हटलं तर हसाल, पण निघालेलं आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. 1953 साली त्यांनी दाखवलं, की दुमजली बसचा दिवसभर बसून असणारा ड्रायव्हर आणि जिन्यावरून वरखाली करणारा कंडक्टर यांत हृदयविकार ड्रायव्हरला जास्त होतो. ‘व्यायाम करा’ या सगळ्या उपदेशाचं मूळ तिथे आहे. पण 1956 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. बस कंपनी या लोकांना जे गणवेश द्यायची, त्यांच्या कमरेची मापं. ड्रायव्हरच्या पँटी मोठ्या निघाल्या. आणि गंमत अशी, की पंचविशीतल्या तरुण ड्रायव्हरांच्याही मोठ्याच होत्या. म्हणजे नुसत्या बसण्याने पोट सुटलं म्हणावं, तर बसायला पुरती सुरुवातही झाली नव्हती त्यांची.

मला हा तपशील फार आवडतो, कारण तो आपल्याला सोप्या उत्तरावर थांबू देत नाही. गोव्यात सोपं उत्तर कुठलं, तर स्कूटर. ते खोटं नाही. इथे माणसं पंधरा लाखांच्या आसपास आणि नोंदवलेल्या गाड्या त्याहून कमी नाहीत. पूर्वी कुळागरातून, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतून, नारळाचं ओझं डोक्यावर घेऊन येणारी बाई आता कोपऱ्यावरच्या दुकानात ॲक्टिव्हाने जाते. आणि जिच्याकडे गाडी नाही, तिच्यासाठी पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, आहेच. पण टांझानियातल्या हाड्झा लोकांची मोजणी पाहा. शिकार करणारे, कंद खणणारे, रोज मैलोनमैल चालणारे लोक. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली दाखवलं, की अंगाच्या आकारमानाचा हिशेब धरला तर त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च ऑफिसात बसणाऱ्या पाश्चात्त्य माणसाइतकाच भरतो. शरीर एकीकडे खर्च वाढला की दुसरीकडे काटकसर करतं. तेव्हा चाला, हृदयासाठी चाला, रक्तातल्या साखरेसाठी चाला, पण वजनाच्या वाढीचा मोठा भाग ताटाकडून आलाय, हे मी आता मानते.

ताटात काय झालं? आमच्या लहानपणी घरी सकाळी अकराला पेज असायची. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, सोबत तोराची, म्हणजे खारवलेल्या कैरीची, फोड नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा, आणि मडक्यात आदल्या दिवशीचं आटवलेलं हुमण, म्हणजे माशाची आमटी, असलं तर मग विचारूच नका. भांडंभर पेज प्याली की पोट तट्ट फुगायचं. शंभर ग्रॅम पेजेत कॅलरी किती? पातळ-दाट कशी त्यावर आहे, पण साधारण साठ. आता अकराला काय आहे? चहा आणि बिस्किटं. शंभर ग्रॅम बिस्किटांत साडेचारशेच्या वर. त्या बिस्किटांनी पोट भरत नाही, म्हणून दीड वाजता शीत-कडीचं, म्हणजे भात-आमटीचं, जेवण पूर्वीइतकंच होतं. पेज गेली, पण तिने अडवलेली जागा रिकामीच राहिली.

यावर एक नेमका प्रयोग झालाय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 20 माणसांना महिनाभर रुग्णालयात ठेवलं आणि 2019 साली निष्कर्ष छापले. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, पाकिटातलं अन्न. दोन आठवडे साधं, शिजवलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू जुळवलेले. फक्त सांगितलं, हवं तेवढं खा. पाकिटातलं अन्न असताना तीच माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, आणि जास्त भरभर खात होती. दोन आठवड्यांत सुमारे किलोभर वजन वाढलं, साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. या वीसजणांचा मनोनिग्रह दर पंधरवड्याला बदलत नव्हता. बदलत होतं ते ताट.

आणि तेल. सगळे म्हणतात, गोंयकार नारळाने जाड होतो. नारळात चरबी असतेच, पण नारळ आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय, आणि घरात नारळ मोजून फुटायचा, हे सासू असलेल्या कुठल्याही बाईला विचारा. नवीन आलं ते पामतेल. 1994 साली पामोलीनची आयात मोकळी झाली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. दरडोई तेल गेल्या दोन दशकांत दुपटीहून अधिक झालं आणि आता वर्षाला 19 किलोंच्या वर आहे. पोषणशास्त्राच्या हिशेबाने 12 किलो पुरे. 19 किलो म्हणजे दिवसाला 52 ग्रॅम, जवळजवळ 470 कॅलरी, नुसत्या तेलाच्या. तुम्ही म्हणाल, आमच्या घरी एवढं लागत नाही. घरी नाहीच लागत. ते गाड्यावरच्या मिरची-भज्यांत असतं, चिप्सच्या पाच रुपयांच्या पाकिटात असतं, बेकरीच्या पॅटिसमध्ये असतं. स्वस्त तेलामुळेच ते पाकीट पाच रुपयांत परवडतं.

माझी एक पेशंट आहे, वेर्ण्याला कारखान्यात पाळीवर जाते. तिला मी एकदा सगळा कालचा दिवस सांगायला लावला. पावणेसहाला कंपनीची बस, म्हणून घरी फक्त चहा. आठला कँटीनमध्ये पाव-भाजी. दहाला साखरेचा चहा, बाराला चहा, दोन्ही वेळा बिस्किटं, कारण उभ्याने काम आणि चक्कर येते. अडीचला जेवण. चारला घरी. मुलांना पाचला भूक, त्यांच्यासाठी नूडल्स, उरलेले चार घास तिचे. रात्री नवऱ्याची वाट पाहत दहाला जेवण, आणि मुलांच्या ताटातलं टाकवत नाही म्हणून तेही. झोप साडेअकराला, मोबाइल बघत बारा. उठायचं साडेचारला. मग मला म्हणाली, ‘बाई, मी दिवसभरात एकदाही पोटभर जेवलेच नाही हो.’ तिचं वजन 78 किलो. ती खरं बोलत होती. तिचं जेवण कुठेच नव्हतं आणि खाणं सगळीकडे होतं.

त्यातली झोपही नुसती थकव्याची बाब नाही. शिकागोत 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, 2004 सालचा अभ्यास आहे. पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन 18 टक्के उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन 28 टक्के चढलं, आणि ओढ लागली ती गोडाची आणि चमचमीताची. आपल्याकडे पूर्वी रात्र जागवायची ती जत्रेला, नाटक पाहायला. वर्षातून एकदा. आता मोबाइलवर रोजच जत्रा.

आता एक बारीक गोष्ट, कारण इथे काहीजण सडपातळ आहेत आणि मनातल्या मनात खूश होऊन बसलेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघे शेजारी उभे, दोघेही बारीक, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. पुण्याजवळच्या खेड्यांतली जन्मलेली बाळं त्यांनी मोजली, तर ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण चरबी त्या मानाने राखलेली. आईच्या पोटातच शरीर शिकतं, की बाहेर टंचाई आहे, साठवून ठेव. आणि बाहेर येऊन बघतं तर कोपऱ्यावर बेकरी. म्हणून आपल्यासाठी बीएमआय 25 ऐवजी 23 पासूनच वजन जास्त धरतात, आणि कंबर पुरुषांची 90, बायकांची 80 सेंटिमीटरपलीकडे गेली की सावध व्हायचं. बीएमआयपेक्षा माझा भरवसा आता शिंप्याच्या टेपवर जास्त आहे.

गोव्याचे आकडे मुद्दाम मागे ठेवले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजन जास्त असलेल्या बायका देशात शंभरात 24, गोव्यात 36. 2023 साली आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा मधुमेह अभ्यास छापून आला, त्यात देशात मधुमेह 11.4 टक्के प्रौढांना, गोव्यात 26.4. सगळ्या राज्यांत वरचा नंबर. 2011 च्या जनगणनेत राज्यांपैकी सर्वांत शहरी गोवा होता, 62 टक्के. ज्या गावाला आपण अजून गाव म्हणतो, त्याच्या तोंडावर आता सुपरमार्केट, वाइन शॉप आणि औषधाचं दुकान ओळीने आहेत. दारूच्या एका ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात, तेलाच्या नऊ, साखरेच्या चार. एवढं सांगून मी तो विषय सोडते, समोर बरेच ओळखीचे चेहरे आहेत.

(शेवटी श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले तीन.)

‘वजन उतरवणारी इंजेक्शनं घ्यावीत का?’ ती 2025 मध्ये आपल्याकडे मिळायला लागली. पोट भरल्याची खबर देणारा आतड्यातला जो संदेश आहे, त्याची ती नक्कल करतात. चांगलं काम करतात. खूप वजन आणि मधुमेह असलेल्यांना मी तज्ज्ञाकडे पाठवते. बंद केली की बरंचसं वजन परत येतं, हेही सांगते. आणि शेजारणीला उतरलं म्हणून घेऊ नका.

‘त्या कारखान्यातल्या बाईचं काय झालं?’ ती आता थर्मासात पेज नेते. पहिले आठ दिवस बाकीच्या हसल्या. नंतर एकीने विचारलं, तांदूळ कुठला घालतेस. रात्रीचं जेवण तिने आठला आणलं, नवऱ्याला झाकून ठेवते. वजन तीन किलो उतरलं आणि तिथेच अडलंय. पाळी बदलली की झोपेची पुन्हा वाट लागते, आणि पाळी मी लिहून देऊ शकत नाही.

मागच्या रांगेतल्या आजोबांचा प्रश्न होता, ‘मग पोदेराकडून पाव घ्यायचा की नाही?’ घ्या हो. पोळी असेल तर ती घ्या. घाटावरून आलेल्यांसाठी सांगते, पोळी म्हणजे चपाती नव्हे, कोंडा लावलेला आपला तो पोकळ पाव. पूर्वी सुरेवर, म्हणजे माडीवर, फुगवायचे, आता यीस्टवर. आमच्या वाड्यावर पोदेर सहाला भोंपू वाजवतो. साडेसहाला गेलं तर त्याच्या टोपलीत मैद्याचे पाव असतात, पोळ्या संपलेल्या असतात. मीच दोनदा रिकाम्या हाताने परत आलेय.