नसल्यास, विलंबाची कारणे काय?

(विधिमंडळाचं वार्तांकन करणाऱ्या एका निवृत्त पत्रकाराचं नागपुरातल्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, नागपूरकराला आमदार कळतो तो ट्रॅफिकवरून. डिसेंबर आला की सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, टेकडी रोडवर मोर्चा अडवलेला, आणि घरी पोचायला पाऊण तास उशीर. विदर्भानं महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या 1953 च्या नागपूर करारानं विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन आपल्या पदरात टाकलं, 1960 पासून ते इथं भरू लागलं, आणि आपण त्याला सहल म्हणून मोकळे झालो. म्हणणाऱ्यांत मीही होतो. बातमी म्हणजे गोंधळ, एवढीच माझी समज. कुणी राजदंड उचलला, कुणी कागद भिरकावले, झाली पहिल्या पानाची सोय.

एकदा अधिवेशनाच्या दिवसांत सकाळी तर्रीपोहे खाता खाता आमच्या वरिष्ठांनी माझ्यापुढं तारांकित प्रश्नांची, म्हणजे आमदारांनी विचारलेल्या आणि मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, यादी टाकली. म्हणाले, "गोंधळ कोणीही लिहील बावा. हे वाचून दाखव."

तुमच्यापैकी किती जणांनी ही यादी पाहिली आहे? भाषा अशी, की पहिल्या पानावरच डुलकी लागावी. 'सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (1) तमुक तालुक्यातील तलावाचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय, (2) असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली, (3) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि समोर उत्तर : 'हे अंशतः खरे आहे.' खाली : 'प्रश्न उद्भवत नाही.'

मला 'अंशतः खरे' या शब्दांचं फार कौतुक आहे. तलाव अंशतः कोरडा कसा असतो, हे मंत्रालयातच कळत असावं. पण गंमत सोडा. छापील उत्तर आलं की खरं काम सुरू होतं. प्रश्नोत्तराच्या तासात तो प्रश्न पुकारला गेला, तर आमदाराला उपप्रश्न विचारता येतो, आणि तिथं खात्यानं लिहून दिलेला कागद मंत्र्याच्या फारसा कामाला येत नाही. आमदाराचा अभ्यास असेल तर मंत्री अडकतो, नसेल तर आमदार आभार मानून खाली बसतो. दोन्ही मी गॅलरीतून पाहिलंय. दुसरं जास्त वेळा.

अभ्यास करून उभं राहणाऱ्यांतलं एक नाव म्हणजे गणपतराव देशमुख. माणूस आपल्याकडचा नव्हे. सांगोला, सोलापूर जिल्हा, शेतकरी कामगार पक्ष. पेशानं वकील. 1962 मध्ये पहिल्यांदा आमदार झाले. 1972 मध्ये पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 मध्ये पुन्हा पडले, तेही दोनशेच्या आतल्या मतांनी, आणि 1999 मध्ये पुन्हा आले. 2014 ला अकराव्यांदा निवडून आले तेव्हा वय ऐंशीच्या बरंच पुढं गेलेलं. मतदारसंघ एकच, पक्षही एकच. आज हे सांगताना मलाच चुकल्यासारखं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडं जांबुवंतराव धोटे होते की. होतेच! धोटेभाऊंवर माझ्या पिढीनं जीव टाकला. शाळेतला शिक्षक यवतमाळचा आमदार होतो, विधानसभेत थेट अध्यक्षांच्या दिशेनं पेपरवेट भिरकावतो, त्यापायी सदस्यत्व घालवतो, आणि लोक त्याला पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून देतात. 1971 ला याच नागपूरनं त्यांना लोकसभेत पाठवलं. विदर्भाचा राग त्यांनी सभागृहात नेला, हे काम लहान नव्हे. पण मंडळी, आपल्या लक्षात पेपरवेट राहिला, त्याखालचा कागद राहिला नाही. हा दोष भाऊंचा नाही, माझ्यासारख्या बातमीदारांचा आहे.

गणपतरावांचा कागद एकच होता म्हटलं तरी चालेल : पाणी. सांगोला म्हणजे कायमचा दुष्काळी तालुका. कृष्णा खोऱ्यातल्या 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद 1993 मध्ये आटपाडीला भरली. तिच्या चळवळीत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर गणपतराव होते. म्हणजे बाहेर परिषद आणि आत प्रश्न, दोन्ही आघाड्या चालू. टेंभू, म्हैसाळ असल्या उपसा योजना एका अधिवेशनात होत नसतात. दरवर्षी पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, येतात, दरवर्षी पैसे कमी पडतात, मंत्री बदलतो, सचिव बदलतो, आणि नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागतं, विलंबाची कारणे काय? हे विचारायला तोच माणूस तिथं हजर लागतो.

आता आपल्या विदर्भातलं गोसीखुर्द धरण घ्या. भूमिपूजन 1988 सालचं. मूळ खर्च 372 कोटी. पुढं काम किती रखडलं आणि खर्च किती फुगला, ते तुम्हाला सांगायला नको. दोष काय फक्त मुंबईचा? आपल्या बाजूनं तोच प्रश्न न कंटाळता तीस वर्षं विचारणारे किती होते, ते यादी काढून एकदा मोजावं लागेल.

आणखी एक टोचणारी गोष्ट. सांगोला हा काही कापसाचा मुलूख नाही. तिथं गणपतरावांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. आपण कापसाचे धनी. 1877 साली टाटांनी इथं एम्प्रेस मिल काढली, 2002 मध्ये तिला कुलूप लागलं, आता त्या जागेवर मॉल आहे. आपण तिथं शर्ट घ्यायला जातो.

गणपतराव दोनदा मंत्री झाले, 1978 ला शरद पवारांच्या आणि 1999 ला विलासरावांच्या सरकारात. त्यावर मी फार बोलत नाही. एसटीनं फिरणारा आमदार ही त्यांची ख्याती मात्र तुम्ही ऐकली असेल. साधेपणाचं कौतुक आपल्याला सोपं जातं, कारण त्यासाठी आपल्याला काही वाचावं लागत नाही.

2019 ला ते उभे राहिले नाहीत. 30 जुलै 2021 ला सोलापुरात गेले. 2024 ला त्यांचे नातू बाबासाहेब त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षाकडून निवडून आले.

आमदार म्हणून त्यांचं नागपुरातलं शेवटचं अधिवेशन 2018 चं, आणि ते हिवाळी नव्हतंच. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन इथं घेतलं होतं. 6 जुलैला असा पाऊस कोसळला की विधानभवनाची वीज गेली आणि कामकाज तहकूब करावं लागलं. मी तेव्हा निवृत्त होतो, पण सवय जात नाही, म्हणून गेलो होतो. परत येताना स्कूटर दोनदा बंद पडली. पिशवीतली त्या दिवसाची प्रश्नांची यादी पार भिजली होती. घरी आल्यावर बायको म्हणाली, "टाका नं ते, आता कायले पाहिजे?" मी एकेक पान सोडवून पलंगावर पसरलं आणि पंखा लावला. पंखाही बंद होता. आमच्याकडची वीज रात्री आली.