चाकणचा फिरंगोजी, बोटभर उंचीचा

नमस्कार मंडळी. दिवाळी तोंडावर आलीय, गल्लोगल्ली माती चाळली जातीय, पोती भिजतायत, आणि बाजारात किल्ल्यावरची चित्रं, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, आलीयेत. आज मला त्या चित्रांबद्दलच बोलायचंय. सिंहासनावर महाराज, दोन भालदार, तोफ, गवळण, वाघ, आणि मग ढाल-तलवारवाला मावळा, तोच मावळा दहा वेळा, कारण साचा एकच. माझं म्हणणं एवढंच आहे की या दहातल्या एका तरी मावळ्याला नाव द्या. साच्यातला नको, हाताने घडवलेला, नावाचा माणूस हवा.

आणि पहिलं नाव माझ्या मनात कायम एकच येतं, फिरंगोजी नरसाळा, चाकणच्या संग्रामदुर्गाचा किल्लेदार.

साल 1660. आपण सगळे त्या पावसाळ्यातला पन्हाळा करतो, सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशिद, घोडखिंडीत बाजीप्रभू, आणि करायलाच हवं ते. पण त्याच पावसाळ्यात, अगदी त्याच महिन्यांत, इकडे पुण्याजवळ चाकणला दुसरा वेढा चालू होता हे किती घरांत सांगितलं जातं? औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान पुण्यात आला आणि जूनमध्ये त्याने चाकणला वेढा घातला. महाराज स्वतः पन्हाळ्यावर अडकलेले, म्हणजे मदत यायची शक्यता जवळपास नाहीच. आत तीनशे-साडेतीनशे माणसं, बाहेर हजारोंची फौज आणि तोफा. आणि चाकण म्हणजे काही डोंगरी किल्ला नाही हो, भुईकोट आहे, सपाटीवरचा, ना कडा ना घाट, तट, बुरूज आणि भोवती खंदक एवढाच काय तो आधार. खानाला वाटलं असणार, चार दिवसांचं काम आहे. फिरंगोजीने ते दीड महिन्याच्या वर नेलं, पावसात, रोज तटावर उभं राहून.

शेवटी खानाने भुयार खणायला घेतलं. खणत खणत ईशान्येच्या बुरुजाखाली गेले, दारू भरली, आणि 14 ऑगस्टला दुपारी बत्ती दिली. बुरूज वरच्या माणसांसकट आभाळात उडाला. मोगल ओरडत त्या खिंडारावर धावले, आणि पुढे बघतात तर काय, पडलेल्या बुरुजाच्या मागे मातीचा दुसरा बांध तयार! आतल्या लोकांनी तो आधीच घालून ठेवला होता. त्या बांधाआडून दारूगोळा, दगड, जे हाताला येईल ते फेकत ते रात्र होईपर्यंत लढले. ऐका परत, बुरूज उडाल्यावरही रात्रीपर्यंत लढले. दुसऱ्या दिवशी मोगल आत घुसले तेव्हा ही मंडळी बालेकिल्ल्यात मागे सरली आणि मग नाइलाजाने किल्ला दिला. मोगलांची 268 माणसं मेली आणि सहाशेच्या आसपास जखमी झाली, एका भुईकोटापायी.

खान या माणसावर एवढा खूश झाला की म्हणाला आमच्याकडे ये, मोठी चाकरी देतो. फिरंगोजीने नको म्हटलं आणि सरळ महाराजांकडे गेला. किल्ला गमावून आलेला माणूस, पण महाराजांनी त्याचा मान केला आणि पुढे भूपाळगड त्याच्या हाती दिला. भूपाळगड म्हणजे सांगली जिल्ह्यातला बाणूरगड, बहिर्जी नाईकांची समाधी म्हणून जिथे दाखवतात तोच. बघा, एका गडावर दोन चित्रं मिळाली की तुम्हाला.

आज चाकण म्हटलं की कांद्याचं मार्केट आणि गाड्यांचे कारखाने. जाता-येता तो उरलेला तट आणि खंदक बघून या, पोरांना घेऊन जा. आणि किल्ला स्पर्धेच्या परीक्षकांनाही माझी विनंती आहे, उंचीला मार्क देणं थांबवा, त्यामुळे भुईकोट कुणी करतच नाही. प्लास्टरचे रेडिमेड किल्ले तर मला बघवतच नाहीत, दिवाळीची सगळी गंमत चिखलात आहे.

बरं, चित्र कसं करायचं. जगभर छोट्या सैनिकांची एक जुनी चालत आलेली उंची आहे, 54 मिलिमीटर, म्हणजे बोटाएवढी. एवढ्या चित्रात डोकं येतं साधारण 7 मिलिमीटरचं, त्यात चेहरा काय दिसणार? दिसते ती उभं राहायची ढब. म्हणून फिरंगोजी नुसता तलवार उपसून उभा करू नका. मातीच्या बांधावर एक पाय, अंग पुढे झुकलेलं, दोन्ही हातांनी डोक्यावर दगड उचललेला, समोर फुटलेला बुरूज. मुंडासं, अंगरखा, चोळणा, पाठीला ढाल. दगड उचललेला हवा, दगड विसरू नका, कारण तीच त्या दुपारची खूण आहे.

रायगड बांधणारे हिरोजी इंदुलकर करायचे असतील तर रायगडाच्या जगदीश्वराची पायरीही करा, जिच्यावर ‘सेवेचे ठायी तत्पर’ असं कोरलंय. ताराराणी, कान्होजी आंग्रे, उमाबाई दाभाडे, प्रत्येकाला असाच एक क्षण शोधावा लागेल, ते तुम्ही शोधा.

कामाचं शेवटचं. नुसत्या शाडूचे हात बारीक केले की तुटतात, तेव्हा आत तारेचा सांगाडा घाला आणि बारीक काम एम-सीलने करा. तलवार तार ठोकून चपटी करून वेगळी लावा. शाडू उन्हात वाळवू नका, तडे जातात, सावलीतच वाळवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय रंगाला हात लावू नका. त्यामुळे घडवायला दसऱ्यालाच बसा, किल्ल्यावरच्या हिरवळीचं आळीव मात्र दिवाळीच्या आठवडाभर आधी टाकलं तरी चालतं. नमस्कार.