आधी चढ मोजा, मग पंप घ्या

नमस्कार मंडळी.

मार्च उजाडला की एक प्रश्न ठरलेला. "नदीवर किती एचपीचा पंप बसवू?" मी उलट विचारतो, पाणी किती उंच चढवायचंय? तिथे गाडी अडते. आपल्या कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण चार महिन्यांत, आणि आपल्या आखूड, उताराच्या नद्या तो तडक समुद्रात नेऊन घालतात. उरतं ते कोंडीतलं, म्हणजे नदीच्या डोहातलं पाणी. आणि बागा? त्या वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर.

एक अश्वशक्ती (एचपी) म्हणजे सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलायची ताकद. पाच एचपीचा पंप घेतला आणि निम्मी ताकद पंपा-मोटारीतच गेली असं धरलं, तर तीस मीटर चढाला सेकंदाला साधारण सहा लिटर पाणी मिळतं. चढ दहा मीटर असेल तर तेवढ्याच ताकदीचा, पण त्या चढाला बेतलेला पंप अठरा लिटर देतो. या चढात पाइपातली घासणही धरायची बरं का. तेवढंच पाणी दोन इंचीऐवजी तीन इंची पाइपातून नेलं तर घासण सुमारे सातपटीने कमी होते. पाइपात वाचवलेले पैसे पुढे बिलात भरावेच लागतात.

माझं मत विचाराल तर आधी पंपाशिवाय जमतंय का ते पाहा. वरच्या अंगाला व्हाळ (ओढा) असेल तर मातीने भरलेल्या गोणी रचून वनराई बंधारा घाला आणि पाणी उताराने आगरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत आणा. फक्त उघड्या पाटाचा हट्ट नको. जांभ्यात पाट निम्मं पाणी वाटेतच पिऊन टाकतो. पाइप टाका.

वाहतं पाणी आणि थोडा उतार असेल तर हायड्रॉलिक रॅम. याला वीज नको, डिझेल नको. पाणी वेगाने पाइपातून येतं, झडप टपकन मिटते आणि त्या धक्क्याने थोडं पाणी वर फेकलं जातं. दोन मीटर पडणारं पाणी वीस मीटर चढवायचं तर शंभर लिटरमागे पाच-सहा लिटरच वर जातं, बाकीचं वाहून जातं. पण रात्रंदिवस टक्-टक् चालू! रोपवाटिकेला, परसातल्या भाजीला पुष्कळ झालं. व्हाळ आटला की मात्र तोही गप्प.

डिझेल इंजिन अडीअडचणीला ठेवा, त्याच्या भरवशावर बाग लावू नका. विजेचा पंप काठावर ठेवलात तर तो सहा-सात मीटरच्या वर पाणी ओढत नाही. एप्रिलात पातळी उतरते, पाणी तुटतं आणि आपण मोटारीला शिव्या घालतो. अशा जागी पाण्यात बुडवून ठेवायचा पाणबुडी पंपच बरा.

सौरपंप मात्र आपल्या हवेला बेतून केल्यासारखा आहे. आभाळ भरतं तेव्हा पाण्याची गरज नसते, गरज असते तेव्हा रखरखीत ऊन. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. पण सकाळ-संध्याकाळ याची धार बारीक. ती थेट पाटात सोडलीत तर पहिल्या दहा वाफ्यांतच जिरते. म्हणून दिवसभर सड्यावरच्या टाकीत किंवा प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात चढवा आणि तिथून उताराने ठिबकला सोडा. कातळावर नुसतं तळं खणून पाणी राहत नाही, हे नव्याने सांगायला नको.

आता खाडीकाठच्या मंडळींसाठी. पहिल्या वर्षी मी पंप चांगल्या खोल डोहात सोडला. एप्रिलपर्यंत सगळं झकास. मग पोफळीच्या झावळ्यांची टोकं करपायला लागली. मी खत बदललं, औषध मारलं. शेवटी शेजारच्या आजींनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाल्या, "मेल्या, मचूळ पाणी घालतोस झाडांना!" नदीचा जोर ओसरला की उधाणाची भरती खारं पाणी कितीतरी वर ढकलते, हे मला ठाऊक होतं, पण माझ्या डोहापर्यंत ती येईल असं वाटलं नव्हतं. पंप आता वर, खडकाच्या उंबऱ्यापलीकडे नेलाय. तरी अमावास्या-पौर्णिमेला बटण दाबण्याआधी मी एक चूळ भरून बघतो.